पाणथरी वाचवताना

हिंजवडीत नव्या कंपन्या उभ्या राहत होत्या, त्या काळात धाकटा भाऊ तिथे नोकरीला लागला. एका सकाळी पुढच्या कंपनी-बसने ब्रेक मारला आणि मागून तिच्यावर आदळलेल्या त्याच्या मोटारसायकलचे हँडल त्याच्याच डाव्या बरगड्यांखाली रुतले. बाहेरून फारसे खरचटलेही नव्हते. स्कॅनमध्ये प्लीहा, म्हणजे पाणथरी, फाटल्याचे दिसले.

"ऑपरेशन कधी?" आईने विचारले.

"शक्यतो नाहीच," सर्जन म्हणाले. "पाणथरी काढली तर काही जंतूंशी लढण्याची ताकद कायमची कमी होते. रक्तदाब टिकून आहे. जखम आपोआप भरू शकेल. त्याने फक्त पडून राहायचं."

"पडून तो घरीही राहतो," आई माझ्याकडे बघून पुटपुटली.

रक्ताच्या तपासण्या ठीक येत राहिल्या. मग धायरीहून मोठे काका आले. वडील गेल्यापासून घरातले थोरले तेच. थोरल्यांसमोर आमच्याकडे कोणी आडवे राहत नाही. भाऊ उठला, पलंगावरून खाली उतरला आणि वाकून त्यांच्या पाया पडला. मी तिथेच होतो. त्यात काही वावगे आहे असे कोणालाच वाटले नाही. आईने तर कौतुकाने पाहिले. काका म्हणाले, "औक्षवंत हो."

थोड्याच वेळात तो पांढराफटक पडला. डावा खांदा दुखतो म्हणाला.

"उठवलं कोणी?" सर्जननी विचारले.

"माझ्यामुळे उठला," काका म्हणाले.

सर्जनचा आवाज उतरला. "पाणथरीतून पुन्हा रक्त जातंय, खांदा त्यानेच दुखतोय. न उठताही असं होतं कधी कधी. जांघेतून बारीक नळी घालून रक्तस्राव होणारी वाहिनी आतून बंद करून बघू. नाही थांबलं, तर पोट उघडून पाणथरी काढावी लागेल. मग लशी, आणि जन्मभर साध्या तापालाही जपायचं."

भावाला घेऊन सर्जन आत गेले. काका बाकावर बसले नाहीत. आई त्यांना म्हणाली, "भाऊजी, वळण मीच लावलंय त्याला. तुमचा काय दोष?"

रक्तस्राव थांबला. पाणथरी राहिली.

दुसऱ्या दिवशी काका वॉर्डच्या दारापर्यंतच आले. भावाने उशीवरून मान उचलली.

"मान खाली! नमस्कार पोचला," ते तिथूनच ओरडले.

आई म्हणाली, "अहो, आत येऊन बसा तरी."

"मी बसलो की हा उठणार," म्हणत काका जिन्याकडे वळले.