खालची खुंटी

भात झोडून झालं की गेनू दरवर्षी आंबेमोहोराचं लहानसं पोतं डाव्या खांद्यावर टाकून आमच्या पुण्याच्या बिऱ्हाडी यायचा. या खेपेला दार उघडलं तर पोतं होतं, पण उजव्या खांद्यावर. पोत्याखालचा माणूस गेनू नव्हता, त्याचा धाकटा भाऊ महादू होता. "दादा गेला," पोतं न उतरवताच तो म्हणाला. "कावीळ झाली व्हती. झाडपाला केला, दवाखाना केला... न्हाई उतरली. तांदूळ तेवढा तुमाला पोचवा म्हनला व्हता." मी त्याला आत ये म्हणायचंही विसरलो.

आमच्या कारखान्याच्या क्रिकेट संघाचा मी यष्टिरक्षक आणि गेनू जलद गोलंदाज. माझ्या डाव्या हाताची करंगळी वाकडी आहे, ती त्याचीच कृपा. मुळशीकडच्या भरे गावचा हा ताडमाड गडी लहानपणी भाताच्या खाचरावर गोफणीने पाखरं हाकायचा, आणि तोच झपाटा त्याच्या हातात उतरला होता. चेंडू सुटताना त्याचा उजवा हात असा काही वर जायचा, की समोरचा फलंदाज आधी आभाळाकडे बघायचा आणि मग मागे पडलेल्या यष्ट्यांकडे. कारखान्याने त्याला घेतला तो या हातासाठीच. कागदावर तो गोदामातला मदतनीस, पण खरी चाकरी दुपारनंतर मैदानावर. प्रांताच्या संघात त्याचं नाव येणार, असं जो तो बोलू लागला होता. गेनू पांढरी विजार तेवढी रोज स्वतः धुऊन उशाखाली घडी घालून ठेवायचा.

पण दुखण्यांनी त्याला सुखाने खेळू दिलं नाही. आधी गुडघा सुजला, मग पाठ धरली, ती सुटते न सुटते तोच एका सामन्यात खांद्यातून कट्कन आवाज आला आणि गेनू खेळपट्टीवरच खाली बसला. डॉक्टरांनी बजावलं, पाऊस संपेपर्यंत या खांद्यावर पिशवीसुद्धा अडकवायची नाही, हाड नीट बसलं तर पुन्हा टाकशील. निवड चाचणी पावसाळ्यानंतर होती. गेनू गावी गेला आणि देवाशपथ सांगतो, विळासुद्धा न उचलता राहिला. मध्ये फक्त चैत्रातली जत्रा आली.

भैरवनाथाच्या पालखीच्या पुढच्या दांड्याचा मान त्याच्या घराचा. दांडा उजव्या खांद्यावर घ्यायचा आणि नदीवर स्नान घालून देव देवळात परत येईतो खांदा बदलायचा नाही, ही तिथली रीत. म्हातारा बाप वाकलेला, महादू अजून लहान. घरचा खांदा लागला नाही तर मान दुसऱ्या भावकीकडे जाणार, आणि ती मंडळी टपूनच उभी होती. मी जत्रेचा पाहुणा. गर्दीतून त्याच्याजवळ घुसून म्हणालो, "अरे, डावा तरी दे!" "न्हाई चालत," तो म्हणाला. घाटाच्या चढावर त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता, भोवती गुलाल उधळत होता आणि त्याचा म्हातारा बाप हात जोडून समोर उलटा चालत होता. मला तेव्हा देवाचा राग आला, अजूनही येतो.

पावसाळा संपला, चाचणी झाली. गेनू लांबून धावत आला, आणि हात छातीपाशीच अडकला. चेंडू अर्ध्यात पडून घरंगळत माझ्याकडे आला. कोणी हसलं नाही, हेच फार वाईट होतं. कारखान्याने वर्षभर वाट पाहिली, मग ओझी उचलायच्या कामावर घातला. ते त्याला कुठून झेपणार? तो गावी परतला तो कायमचाच. पुढे एकदा मी चिडून विचारलं, काय मिळवलंस? "खांदा गेला तर गेला," तो म्हणाला. "म्हातारा मान खाली घालून मेला असता, ते मला बगवलं नसतं." पण सामन्याची बातमी निघाली की तो उठून गोठ्यात जायचा, हेही मी पाहिलेलं आहे...

परवा भऱ्याला जाऊन आलो. गेनूच्या घरी वहिनींनी चहा केला. भिंतीवर खुंट्यांची ओळ होती आणि तिच्यापासून बरीच खाली, एकटी, आणखी एक खुंटी. तिच्यावर गेनूचा धुतलेला सदरा.

"महादू भावजी म्हनत व्हते, काढून वर ठोकतो, समद्यांच्या वळीत," वहिनी म्हणाल्या. "म्या म्हनलं, ऱ्हाऊ द्या. त्यांचा हात तितवरच पोचायचा."

निघताना वरच्या खुंटीवरची माझी टोपी काढली आणि का कोण जाणे, क्षणभर खालच्या खुंटीला अडकवून पाहिली. मला हात वर करावाच लागला नाही. आणि गेनू माझ्यापेक्षा चांगला वीतभर उंच होता.