बिनमोरचुदाची खळ

माझ्या थोरल्या भावाचा मुलगा घरच्या मंडळींत एक हकिकत नेहमी सांगतो. तिची सुरुवात अशी, की माझ्या पहिल्या मुलीचे सर्वांत लाडके पुस्तक त्याच्या वडिलांनी मुंबईहून आणलेले होते. तिचा शेवट असा, की मी घरी बांधलेले दुसरे पुस्तक चावून ती मुलगी दगावली, आणि त्यात चूक तिच्या आईची होती. ज्या दिवसांविषयी तो इतक्या खात्रीने बोलतो, त्या दिवसांत तो मुंबईत पाळण्यात होता. मी मालवणात, त्या खोलीत होतो. म्हणून त्याची हकिकत आरंभापासून अखेरपर्यंत चुकीची आहे, हे मी लिहून ठेवीत आहे. माझी पत्नी आता नाही. ती असती तर तिने मला हे लिहू दिले नसते.

आरंभापासूनच घेतो. बंधूंची नोकरी मुंबईच्या गोदीत. मे महिन्यात बोटीने मालवणला उतरून, आमच्याकडे एक रात्र काढून ते मिठबावला आपल्या घरी जात. एका मे महिन्यात त्यांनी माझ्या मुलीसाठी विलायती पुस्तक आणले. पाने पुठ्ठ्याची, कोपरे गोल केलेले, रंग ओला वाटावा इतका ताजा. मी पेशाने पुस्तकबांधणी करणारा. ती बांधणी उत्तम होती हे मी तेव्हाही मान्य केले आणि आजही करतो. चित्रांत बर्फावरून घसरणारी गाडी होती, धुराडे असलेले घर होते, लाल लोकरी टोपी घातलेले मूल होते. मुलगी दीड वर्षाची. दोन दिवस तिने पाने उलटली, आणि तिसऱ्या दिवशी तिला शोध लागला की त्या पुस्तकावर उभे राहिले की खिडकीच्या गजांपर्यंत हात पोचतो. तिथून पुढे त्या पुस्तकाचा पाट झाला.

पुस्तकाला पाय लागला की माझी पत्नी तिला खाली उतरवी. "पाय लागलो बाय, पाया पड." मुलगी उतरे, दोन्ही हात जोडी, कपाळ पुस्तकाला टेकवी आणि लगेच पुन्हा त्यावर चढे. तिने ते पुस्तक रोज वापरले, हे मी नाकारीत नाही. परंतु 'लाडके पुस्तक' हा शब्द बंधूंच्या घरात ज्या अर्थाने चालतो, तो अर्थ त्यात नव्हता.

लाडके पुस्तक माझे होते. दुकानातून पुठ्ठ्याची कातरणे आणून मी ते घरी बांधले. मांजर एका कॅलेंडरावरून कापले, कोंबडा फटाक्यांच्या वेष्टनावरून, गाय दुधाच्या डब्यावरून, आंबा फळांच्या पेटीच्या कागदावरून. होडी मात्र कुठेच मिळेना, म्हणून ती मी स्वतः काढली. पत्नीने ती पाहिली आणि म्हणाली, "ही होडी काय पायताण?"

"होडी. ही बघ शीड."

"ता शीड नाय, अंगठो आसा."

दुर्दैवाने मुलीचे मत आईसारखेच पडले. "होडी खंय गो?" असे विचारले की ती दाराशी काढून ठेवलेल्या माझ्या वहाणा दाखवी. समोर बंदरात पंचवीस होड्या उभ्या असत; तिला त्यांचे काही नव्हते.

संध्याकाळी मी दुकानातून आलो की ती पुस्तक ओढीत आणून माझ्या मांडीवर आपटी. पाने क्रमानेच उलटायची. कोंबड्याच्या पानावर मी आरवायचे, आणि नीट आरवलो नाही तर ती पान पुढे जाऊ देत नसे. आंब्याचे पान ती चाटे. उरलेल्या पानांचे कोपरे चावे. दाढा येत होत्या. तिने चावलेले कोपरे मऊ पडले की मी ते कातरून गोल करी, त्यामुळे ते पुस्तक महिन्यागणिक थोडे थोडे लहान होत गेले.

आता खळीविषयी. पुतण्या जे सांगतो ते सारे या एका गोष्टीवर उभे आहे, आणि त्याला तिच्यातले काही कळत नाही. पाने-पुठ्ठे चिकटवायची बांधणीची खळ आम्ही चिंचोक्यांची करीत असू. आमच्या दुकानाची खळ माझ्याच घरी शिजे; चिंचोके भाजून, सोलून, दळून माझी पत्नी ती मोठ्या मडक्यात शिजवी. खळ निवत आली की मी तिच्यात मोरचूद घालीत असे. मोरचूद हा निळा, खडीसाखरेसारखा दिसणारा जिन्नस. तो विष आहे. पण तो घातला नाही, तर आमच्या दमट हवेत झुरळे आणि कसर नावाची कागद खाणारी कीड पुस्तकाला दोन पावसाळेही पाहू देत नाहीत. तो हाताळून हाताळून माझ्या नखांच्या कडा बारमाही निळसर असत. मुलीच्या पुस्तकाला मी हा मोरचूद घातला नाही. त्या पुस्तकापुरती खळ धाकट्या मडक्यात वेगळी शिजवून घेतली. दोन्ही मडकी त्या दिवशी चुलीजवळ शेजारी शेजारी होती. मी पडवीत पुठ्ठे मांडून बसलो होतो, आणि खळ वाटीत काढून पत्नीने मला आणून दिली.

मुलगी दोन वर्षांची होत आली होती, आणि त्याच वर्षी गणपती विसर्जन झाल्यावर तिला ताप आला. पहिल्या दिवशी आम्हाला तो साधा वाटला. दुसऱ्या दिवशी तिचा आवाज घोगरा झाला आणि ती गिळेना. तिसऱ्या दिवशी मान सुजली, श्वासाला करवतीसारखा आवाज येऊ लागला. डॉक्टर आले. चमच्याने जीभ दाबून त्यांनी घशात पाहिले, आणि मलाही पाहायला लावले. आत राखाडी पांढरा पापुद्रा धरला होता.

"घटसर्प आहे," डॉक्टर म्हणाले. "याचे इंजेक्शन माझ्याकडे नाही. कोल्हापूरहून आणावे लागेल." मग, बहुधा नेहमीच्या सवयीने, त्यांनी मुलीच्या आईला विचारले, "तोंडात काही घालते का ही?"

आई खोटे बोलणारी नव्हती. ती म्हणाली, "पुस्तक चावता ता. दुसरा काय नाय."

एवढेच तिचे वाक्य. बंधू गणपतीसाठी गावी आलेले होते. आजाराचे कळल्यावर ते मिठबावहून आले होते आणि दारात उभे होते. त्यांनी ते वाक्य ऐकले. डॉक्टरांनी रोगाचे नाव सांगितले, तेही त्यांनी ऐकले असणार. कारण दोन्ही वाक्ये एकाच खोलीत, सारख्याच मोठ्या आवाजात बोलली गेली. पण माणूस सोबत काय घेऊन जाईल, हे ऐकण्यावर अवलंबून नसते.

कोल्हापूरला माणूस धाडला. तो घाट चढला असेल नसेल, इतक्यात दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी गेली. श्वास कोंडून गेल्यामुळे तिचे ओठ आणि बोटांची टोके निळी पडली होती. बंधूंनी तिच्या ओठांकडे पाहिले, आणि मग माझ्या नखांकडे पाहिले. ते काही बोलले नाहीत. ती नजर मात्र मी पाहिली, आणि ती मी विसरावी असे आजवर काही घडलेले नाही.

बाराव्या दिवसापर्यंत गोष्ट तयार झाली होती. भेटायला येणाऱ्या बाया ओटीवर कुजबुजत आणि पत्नी बाहेर आली की गप्प होत. मोठ्या मडक्यातली खळ दिली म्हणे. आईच ती, पण लक्ष नाही म्हणे. ओठ निळे झाले होते म्हणे, दुसरा कसला पुरावा हवा? एका म्हातारीने तर मुलीने विद्येवर पाय दिल्याचे कारण काढले. ते कारण निदान बंधूंनी आणलेल्या पुस्तकाविषयी होते.

आता जे लिहितो ते पुतण्याला ठाऊक नाही, आणि ठाऊक असते तर त्याने त्याचा उपयोग केला असता. एका दुपारी पत्नी चुलीत फुंकर घालीत होती. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो आणि तिला विचारले, "खंयच्या मडक्यातली खळ दिलंस गो माका?"

तिची फुंकर थांबली. तिने मान वळवली नाही. चूल धुमसत राहिली, तिच्याने ती पुन्हा पेटवली गेली नाही. संध्याकाळी मी परत आलो तेव्हा दोन्ही मडकी घासून मागल्या दारी पालथी घातलेली होती. त्यानंतर आमच्या घरात खळ कधी शिजली नाही. मी ती दुकानात शिजवू लागलो, आणि कोणी कारण विचारले तर घरात जागा नाही असे सांगे.

डॉक्टरांचे शब्द मी स्वतःच्या कानांनी ऐकले होते, घसा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता, तरी विचारले. लोकांची तोंडे बंद करण्यासाठी तिच्या तोंडून 'धाकट्या' हा एक शब्द मला हवा होता, असे मी तेव्हा मनाशी म्हटले. ते पुरते खरे नव्हते. वाटी तिने आणली असली, तरी ब्रश माझ्या हातात होता आणि पुस्तक मी बांधले होते. दोष कोणाचा तरी निघणारच असेल तर तो माझा निघू नये, अशी इच्छा त्या प्रश्नात होती.

पुढे आम्हाला मुलगा झाला. त्याला मी पुस्तक बांधले नाही, बांधू का असे विचारलेही नाही. तो रांगू लागला तेव्हा वर्तमानपत्राचा कपटा त्याच्या हाती दिसला, तरी पत्नी धावत येऊन तो काढून घेई. शेजारच्या घरातून कोणी चित्रांचे पुस्तक दिले की ती म्हणे, "ठेवा वर. शाळेत जायत तेवा बघात." त्यामुळे माझ्या मुलाने कोंबडा प्रथम पाहिला तो अंगणात, आणि कागदावरचा कोंबडा पाहिला तो थेट शाळेत. बांधणी करणाऱ्याच्या घरात हे घडले.

तो शाळेत जायचा झाला त्या मे महिन्यात जन्माचा दाखला शोधण्यासाठी मी पत्नीची पेटी उघडली. ती पाण्याला गेली होती. तळाशी मुलीचे झबले होते, आणि झबल्यात गुंडाळलेले ते पुस्तक. मी ते उचलले, तर हातात पानांचा भुगा आला. कण्यापासून पुठ्ठ्यांपर्यंत कसरीने ते चाळणीसारखे केले होते. जिथे जिथे खळ लागली होती, नेमके तिथे तिथे ते खाल्ले गेले होते. कोंबड्याच्या मागची खळ खाऊन कोंबडा सुटा झाला होता.

याचा अर्थ काय, हे बांधणी करणाऱ्याला कोणी सांगावे लागत नाही. तरीही मी ते पुस्तक घेऊन दुकानात गेलो आणि त्याच साली, त्याच घरच्या मोठ्या मडक्यातल्या खळीने बांधलेले हिशेबाच्या वह्यांचे एक जुने दप्तर काढून पाहिले. त्याला एक भोक नव्हते. मोरचूद होता ते दप्तर शाबूत होते. मुलीच्या पुस्तकात मोरचूद नव्हता. खळ धाकट्या मडक्यातलीच होती.

मी घरी गेलो नाही. पुस्तक कापडात बांधले आणि तसाच मिठबावची वाट धरली. वाटेत आचऱ्याच्या खाडीवर तर, म्हणजे पलीकडे नेणारी होडी, धरावी लागली, ऊन होते, आणि मला चालताना आनंद होत होता हे मी लपवीत नाही. बंधू रजेवर आलेले होते, ओटीवर सुपारी कातरीत बसले होते. मी त्यांच्यासमोर कापड सोडले आणि सारे समजावून सांगितले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले.

"अरे, पण मी खंय म्हटलंय तसा?" ते म्हणाले. "लोक म्हणतत."

"तुमी तिच्या ओठांकडे बघलात, मगे माझ्या नखांकडे."

"बघूचा न्हय तर काय डोळे मिटून बसाचा?" त्यांनी सुपारी तोंडात टाकली. "आणि आता ह्या घेवन इतको चलत इलंस. चेडू परत येतला?"

मी भुगा गोळा केला आणि निघालो. त्यांच्या मुलाने पुढे ही गोष्ट कोणाकडून ऐकली, हे त्याने शोधावे. ज्यांनी ती कधी सांगितली नाही, त्यांच्याच घरात ती वाढली.

दुसऱ्या दिवशी घरी पोचलो तेव्हा पत्नी तांदूळ निवडीत होती. पेटी उघडी पडली होती, त्यामुळे तिला कळलेच होते. मी तिच्यापुढे पुस्तक ठेवले आणि म्हणालो, "ही बघ, कसर लागली आसा."

"माका म्हायत आसा. पयल्याच पावसात लागली."

"मगे तेवाच सांगलंस कित्या नाय?"

"तुमी इचारलात तेवा माझ्या शब्दाक मोल नव्हता. कसरीच्या शब्दाक आसा?" ती सुपातला खडा वेचून बाजूला टाकीत म्हणाली. मग तिने विचारले, "काल सकाळपासून खंय होतात?"

"मिठबावाक."

तिचे हात थांबले. "पयली तेंका दाखवलात?"

मी पुस्तक पुन्हा कापडात गुंडाळू लागलो. ती म्हणाली, "थोरले काय म्हणाक लागले?"

"म्हणतत, मी म्हटलंयच नाय."

"मगे तोंडार इचारणारे तुमी एकटेच," ती म्हणाली, आणि सूप घेऊन आत गेली.

मी पुढची सारी वर्षे तिच्याबरोबर काढली. ती चांगली गेली, असे आमचा मुलगा म्हणतो, आणि त्याच्याशी मी वाद घालीत नाही. पुतण्याने मात्र यापुढे हकिकत सांगायचीच असेल, तर ती अशी सांगावी: मुलगी घटसर्पाने गेली, खळ धाकट्या मडक्यातली होती, तिच्या आईची काही चूक नव्हती. आणि तिला कोणी विचारले होते, असा प्रश्न निघाला, तर माझे नाव घ्यावे.