तीन नंबरची विहीर

ज्या कामात जीव मुठीत धरून फिरावं लागतं, त्या कामातले किस्से सगळ्यांत जास्त साठतात! पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या कॅम्पात मी पुरता एक उन्हाळासुद्धा काढला नाही, पण आजही मैत्रिणी जमल्या की चहा येण्याआधीच कोणीतरी म्हणतं, "ए, ते विहिरीचं सांग ना!" ते मी शेवटी सांगते. आधी बाकीचं ऐका.

लढाईचे दिवस होते. नागपूरच्या कॉलेजातून बी.एस्सी. होऊन मी वाशीमला घरी आले होते. किन्हीराजाच्या पुढच्या एका गावात पटकी लागली आणि कॅम्पाला लिहिणारं माणूस हवं होतं. बाबा नको म्हणाले, म्हणून मी गेले!

कॅम्प म्हणजे शाळेच्या दोन खोल्या. एकीत डॉक्टरसाहेब, दुसरीत विहिरींच्या दुरुस्तीवरचे ओव्हरसियर. दोघंही पेन्शनीतून परत बोलावलेले. मधल्या ओसरीवर मी आणि गावची दाई गंगाबाई. गावात विहिरी सात. त्यातली कोणती माणसं मारते आहे, ते शोधायचं होतं. कारण विहिरीत टाकायची लाल दवा उरली होती ती एकाच विहिरीपुरती.

*

पहिल्याच दिवशी गंगाबाई मला घरं दाखवत फिरत होती. एका दाराशी थांबून हळूच म्हणाली, "इथं पाहुणी आली हाय."

मी रजिस्टरात लिहिलं: पाहुणी, एक.

"कुठून आली?"

"काय मालूम, बाई."

"किती दिवस राहणार?"

गंगाबाईनं माझ्याकडे नीट पाहिलं. "दोघाले घेऊन गेली. आता तिसऱ्याच्या उशाशी बसली हाय."

गावात पटकीचं नाव कोणी उच्चारत नव्हतं. नाव घेतलं की ती वळून बघते म्हणे! मी ती ओळ खोडायला गेले आणि पेन्सिलीचं टोक मोडलं.

*

मग पाटलांकडे गेले. मृत्यूचं रजिस्टर उघडलं, तर गावातला प्रत्येक माणूस तापानं मेलेला!

"पाटील, परवा गेला त्याला ताप नव्हता. मी स्वतः हात लावून पाहिलं होतं."

"मेल्यावर थंडा झाला ना? मंग पयले गरमच असन!"

"पण खरं का नाही लिहीत?"

"पटकी लिवली त बाजार बंद होते, पोरी. लोकं पयले उपाशी मरतीन."

त्याच रजिस्टराच्या भरवशावर वरून मदतीची पेटी आली. आम्ही सगळे गोळा झालो. लाल दवा आली असणार! खिळे उपटले, झाकण काढलं. आत काठोकाठ तापावरचं क्विनिन.

पेटी उघडी असतानाच समोरच्या रस्त्यानं आणखी एक "ताप" मसणवटीकडे गेला.

*

पाण्याच्या सात बाटल्या भरून मी दूरच्या एका प्रयोगशाळेत पाठवल्या होत्या. प्रत्येक बाटलीवर माझ्या हातानं चिठ्ठी डकवली होती. सायन्स शिकलेली मी! सायन्सवर माझा विश्वास होता.

उत्तर आलं: "सातपैकी एक पाणी दूषित आहे."

कोणतं, ते नाही!

मी उलट टपाली विचारलं. पुन्हा उत्तर आलं: "संशोधन चालू आहे. ते छापून येईपर्यंत तपशील देता येत नाही."

गंगाबाईला मी दोन्ही कागद वाचून दाखवले. ती सुपारी कातरत होती. अडकित्ता थांबवून तिनं विचारलं, "मंग तवरीक कोनी पानीच नाई प्यावं काय?"

*

आता आमची दोन दैवतं.

डॉक्टरसाहेबांकडे एक वही होती. कोण आजारी पडलं, कोणत्या विहिरीचं पाणी प्यायलं, सगळं तिच्यात. वही कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली जानव्याला! मी वही मागितली की म्हणायचे, "हे माझं काम आहे, पोरी. उद्या दुसराच कोणी आपल्या नावावर छापेल."

ओव्हरसियरांकडे विहिरींचा नकाशा होता. तो पत्र्याच्या नळीत, आणि नळी दिवसरात्र काखेत. "नकाशा माह्या हातचा हाय. डॉक्टरले कायले दाखवू? तो काय विहीर बांधून राह्यला?"

दोघांचं एकाच गोष्टीत जमत होतं. विहिरींची नावं कागदावर घालायची नाहीत! पाटलांनी हात जोडून सांगितलं होतं, "विहिरीचं नाव लिवसान त तिथल्या पोरीले कोनी करून घेनार नाई." म्हणून नुसते नंबर.

डॉक्टरसाहेब रोज किन्हीराजाहून दमणीत बसून यायचे. बैल वेशीतून आत शिरले की सवयीनं एक बोट वर करून विहिरी मोजायचे: एक, दोन, तीन... ओव्हरसियर मात्र मारुतीला नमस्कार केल्याशिवाय पाऊल उचलत नसत, आणि तिथून उजव्या हातानं गावाला प्रदक्षिणा घालत विहिरी मोजत. मला दोघांच्याही तऱ्हांचं हसू यायचं.

*

मग गंगाबाईची सून आजारी पडली.

गंगाबाई त्या दिवशीही कामावर आली. ओसरीवर बसली, पण सुपारी काढली नाही. मी डॉक्टरसाहेबांच्या खोलीत शिरले आणि ओव्हरसियरांनाही तिथंच ओढून आणलं.

"तुमची वही जपा, तुमचा नकाशा जपा!" मी ओरडले. "गाव मेलं की दोन्ही पुरायला जागा भरपूर होईल!"

बाबांसमोर असं बोलले असते तर थोबाडीत बसली असती.

डॉक्टरसाहेबांनी पाठमोरं होऊन कुलूप काढलं, वहीत पाहिलं, चिठोऱ्यावर दोन शब्द लिहिले आणि पुन्हा कुलूप लावलं. चिठोऱ्यावर होतं: "तीन. बाकी साफ."

मी म्हटलं, "वहीही दाखवा ना."

"निकाल दिला ना? वही कशाला?"

ओव्हरसियरांनी चिठोरा वाचला, खिशात घातला. नळीचं झाकणसुद्धा उघडलं नाही. "तीन नं? बस, झालं. सकाळीच टाकतो."

मी जिंकले होते!

*

दुसऱ्या दिवशी उजाडताच ओव्हरसियरांनी मारुतीला नमस्कार केला. मग तिसऱ्या विहिरीत लाल दवा, होती नव्हती तेवढी सगळी ओतली आणि वर बाभळीच्या काट्या टाकल्या. दवंडी पिटली: "बाकीच्या साही विहिरींचं पानी चांगलं हाय हो!"

तरी चिंचेच्या विहिरीवर बायका रिकाम्या घागरी घेऊन नुसत्या उभ्या. ऊन चढत होतं. गंगाबाईही तिथंच होती.

मी विचारलं, "का गं, भरत का नाही?"

"हे पानी नाई पाह्यजे मले. माही सून हेच पेली."

"अगं, ही सहा नंबरची! कागदावर साफ आहे!"

"कागदाचं काय हो बाई, तो थोडीच पानी पेते!"

बायका हसल्या. माझं डोकं फिरलं. ही जुनी माणसं! घरी तीच, कॅम्पात तीच, विहिरीवरही तीच! मी पोहरा सोडला, पाणी शेंदलं, लोटा काठोकाठ भरला आणि सगळ्यांसमोर एका दमात प्यायले. गार होतं. गोडही होतं.

"बघा! झालं मला काही?"

एका तरण्या पोरीनं दोर हातात घेतला.

तेवढ्यात घुंगरं वाजली. वेशीतून डॉक्टरसाहेबांची दमणी आत आली. सवयीनं त्यांचं बोट वर झालं.

"एक..."

वेशीजवळची विहीर मागे पडली.

"दोन..."

मग बोट चिंचेकडे वळलं आणि माझ्यावर येऊन थांबलं. पुढचा आकडा त्यांच्या तोंडून निघालाच नाही. नुसते ओठ हलले.

गंगाबाईनं आधी त्या बोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पोरीच्या हातातला दोर काढून घेतला. माझ्या हातातला लोटाही घेतला, आत वाकून बघितलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं,

"सारं पेल्या काय वं, बाई?"