मोशेच्या सालावरून काढलेला पाइप

उन्हाळ्यात लोक महाबळेश्वरला जातात. मी उदगीरला गेलो. तेही लातूरला आगगाडीने पाणी आलं त्या उन्हाळ्यात, आणि मोशे मिसर देशातून नेमका कोणत्या साली निघाला याचा निकाल लावायला.

माझा या प्रकरणाशी संबंध लग्नाने आलेला. मी बौद्ध घरातला, नांदेडला बँकेत नोकरी करतो आणि फावल्या वेळात या सदराची जागा खरडतो. बायको शीला उदगीरच्या ख्रिस्ती घरातली. तिचे वडील निवृत्त मुख्याध्यापक, इतिहासाचे. त्यांना अख्खं उदगीर गुरुजी म्हणतं. त्यांचे धाकटे भाऊ दानिएलकाका एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. दोघांची घरं एका भिंतीला लागून. बोअर गुरुजींच्या अंगणात, आणि भिंतीवरून एक पाइप काकांच्या पिंपात. वर्षानुवर्षं असं चाललं होतं.

नाताळच्या सुमारास चर्चच्या हॉलमध्ये भिंतीवर बायबलचा इतिहास रंगवायचं ठरलं. आदामापासून नोहापर्यंत सगळं सुरळीत पार पडलं, कारण त्यांची सालं कुणी मागितली नाहीत. इस्राएल लोक फारोच्या गुलामगिरीतून सुटून मोशेच्या मागे निघाले, त्या चित्राखाली रंगाऱ्याने विचारलं, "साल काय टाकू?" काका म्हणाले, ख्रिस्तापूर्वी पंधरावं शतक. गुरुजी म्हणाले, तेरावं. त्या संध्याकाळी काकांनी पिंपातला पाइप स्वतःच्या हाताने उपसला, गुंडाळला आणि भावाच्या अंगणात टाकला. "ज्याला मोशे कवा निघाला ते कळंना, त्याच्या बोअरचं पाणी मला नको."

तेव्हापासून विमलकाकू, म्हणजे दानिएलकाकांची बायको, दुखऱ्या गुडघ्यांनी गल्लीच्या टोकावरच्या टँकरवरून घागरी आणत होती.

"तूच जा ना," मी शीलाला म्हणालो.

"मी गेले तर बाजू घ्यावी लागेल. तुम्ही जा. तुमचा मोशे कुणी लागत नाही."

हे बरोबर होतं. आमच्याकडेही बुद्धाच्या निर्वाणाच्या सालावर विद्वानांचं एकमत नाही. पण त्यावरून कुणी कुणाचं पाणी तोडल्याचं ऐकलं नाही. आमचं पाणी तोडायला लोकांना साल लागत नसे.

जाणाऱ्यांसाठी: नांदेडहून लोहा, अहमदपूर, शिरूर ताजबंद, आणि तिथून डावीकडे उदगीर. लाल गाडीचं तिकीट दोनशेच्या आत. नकाशा तीन तास म्हणतो, एसटी त्याच्याशी सहमत नाही. निघताना अर्धापुरी केळी घ्या. धुवावी लागत नाहीत, त्या दिवसांत हा मोठा गुण होता. लोह्याच्या पुढे दोन्ही बाजूंना जमीन इतकी भेगाळलेली की खिडकीतून बघतानाही पाय जपून ठेवावासा वाटत होता. रस्त्यावर आमच्या गाडीखेरीज फक्त टँकर. अहमदपूरला स्टँडसमोरच्या हॉटेलात पाटी होती: 'पाणी मागू नये. चहा मागावा.' चहा मागितला. भजी उत्तम. त्यांच्याबरोबरच्या मिरचीची फक्त पूर्वसूचना देतो, कारण नंतर काय करायचं याची सोय त्या पाटीने बंद केली होती.

शिरूरपासून माझ्या शेजारी एक धोतरवाले आजोबा बसले. उदगीर जवळ आलं तसे रस्त्यावर फलक दिसू लागले: उदगीर जिल्हा झालाच पाहिजे.

"जिल्हा होऊन राहिला म्हणतेत," आजोबा म्हणाले.

"कधी?"

"लवकरच." फलकाकडे बोट करून ते म्हणाले, "माझ्या थोरल्याचं लगीन झालं तवापासून लवकरच हाय. आता नातवाचं बी झालं."

उदगीरला उतरलो आणि घराच्या गल्लीत शिरताच विमलकाकू दिसली. टँकरभोवती बायकांची झुंबड, आणि ही कडेला दगडावर बसून गुडघा चोळत होती. भरलेली घागर पुढ्यात.

"या जावईबापू," ती म्हणाली. "निकाल आणलाव का?"

मी घागर उचलली. चार पावलांत माझ्या लक्षात आलं की पंधरावं शतक फार जड असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजींनी मला किल्ला दाखवला. किल्ला जरूर बघा, सकाळीच बघा, डोक्याला रुमाल हवा. तो कधी बांधला हे मात्र दारात बसलेल्या कुणालाही विचारू नका. मी दोघांना विचारलं आणि मला तीन उत्तरं मिळाली. तिसरं गुरुजींचं. येताना आम्ही चर्चच्या हॉलमध्ये गेलो. भिंतीवर मोशे समुद्रापुढे काठी उगारून उभा, आणि पायाखाली 'इ. स. पू.' एवढीच अक्षरं. पुढे पांढरा चुना.

"मुद्दा सोपा आहे," गुरुजी म्हणाले. "शलमोन राजाने ख्रिस्तापूर्वी दहाव्या शतकात मंदिर बांधायला घेतलं, ते मिसरातून निघाल्याच्या चारशे ऐंशीव्या वर्षी, असं पवित्र शास्त्रात आहे. दानू ते चारशे ऐंशी मागे मोजतो आणि पंधराव्या शतकात जाऊन बसतो. अरे, चारशे ऐंशी म्हणजे बारा गुणिले चाळीस! बारा पिढ्या, पिढीला चाळीस वर्षं, असा हा ठोकळ हिशेब. खरी पिढी पंचवीस वर्षांची धरा, तेराव्या शतकात येता. शिवाय गुलामांनी रामसेस नावाचं नगर बांधलं असं लिहिलंय. त्या नावाचा मोठा राजा तेराव्या शतकातला. आता बोला."

गुरुजींची ठोकळ हिशेबावरची श्रद्धा मला नवी नव्हती. मुख्याध्यापक असताना त्यांनी अर्ध्या तालुक्याला जन्म दिला, तोही एक जूनला. आई लेकराला घेऊन शाळेत येई. "कधी झालं?" "ज्वारी काढायच्या वक्ताला." की गुरुजी लिहीत, एक जून. उदगीरच्या बेकरीवाल्यांनी खरं तर त्यांचा पुतळा उभारायला हवा.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर तोडग्याची बैठक बसली. बैठक म्हणजे गुरुजी आपल्या अंगणात बाजेवर, काका पलीकडे आपल्या अंगणात खुर्चीवर, मध्ये छातीएवढी भिंत, आणि भिंतीला टेकून मी. दोघे एकमेकांशी बोलत नसल्याने सगळं माझ्यामार्फत. दोघांनाही उत्तम ऐकू येत होतं.

"जावईबापू, इचारा तुमच्या सासऱ्याला," काका म्हणाले, "तिकिटावर उदगीर ते नांदेड लिहिलं असंल तर कंडक्टरनं अंदाजानं अहमदपूरला उतरवावं का? लिहिलंय ते लिहिलंय. चारशे ऐंशी."

"त्यांना विचारा," गुरुजी म्हणाले, "मग रामसेस नगराचं काय? जो राजा अजून जन्मायचाय त्याचं नाव गावाला आधीच कसं?"

काका या चेंडूची वाटच बघत होते. "मी जन्मलो तवा हे उदगीर बीदर जिल्ह्यात. शाळा शिकलो, तवा उस्मानाबाद जिल्हा. नोकरीत असताना लातूर जिल्हा झाला. उद्या उदगीर जिल्हा झाला तर मी मरीन उदगीर जिल्ह्यात. घर हेच, भिंत हीच! पण माझा जन्म कुठला म्हणून इचारलं तर मी लातूर जिल्हाच सांगतो का न्हाई? मग मी खोटं बोललो का? गावाचं नवं नाव मागून लिहिणाऱ्यानं घातलं. झालं!"

खरं सांगतो, मी मनातल्या मनात टाळी दिली. पुढे इंटरनेटवर वाचलं, तर मोठमोठे विद्वान जाडजूड पुस्तकांत हेच म्हणतात. फक्त त्यांना बीदर माहीत नसल्याने त्यांना पानं जास्त लागतात.

गुरुजी जरा चिडले. "सांगा त्यांना, आकडा अंदाजाने घातला म्हणून शास्त्र खोटं होत नाही. लिहिणाऱ्याने प्रेमाने ठोकळ आकडा घातला. त्यात कुणाचं काय बिघडलं?"

काका खुर्चीवरून उठले. पहिल्यांदाच त्यांनी मला ओलांडून थेट भावाकडे बघितलं.

"अंदाजानं आकडा घालणाऱ्याचं काय बिघडतंय, दादा? ज्याच्यावर घातला त्याला इचार. माझी चार वर्षं गेली."

मला काही कळेना. मग काकूने हातातली तांदळाची परात बाजूला ठेवून मला सांगितलं. गुरुजी शाळेत जायला लागले तेव्हा धाकटा दानू जेमतेम पाच वर्षांचा. शाळेत इतक्या लहानाला घेत नव्हते. मग थोरल्याने मास्तरांना सांगितलं, हा माझ्या पाठचाच आहे. मास्तरांनीही विचारलं नाही, टाकली तारीख. त्या तारखेप्रमाणे काका अठ्ठावन्नचे झाले आणि निवृत्त झाले, तेव्हा खरे होते चौपन्नचे. अंगात ताकद होती, हातात तिकिटांची पेटी होती, आणि एका सकाळी सांगण्यात आलं की तुम्ही म्हातारे झालात.

"डेपोत सांगून बघितलं," काका म्हणाले. "म्हणले, लिहिलंय ते खरं. मग मी बी ठरवलं, हाव, आता लिहिलंय तेच खरं. समद्यांसाठी. मोशेसाठी बी."

गुरुजींनी चष्मा काढला. "आई मोलानं जायची," ते म्हणाले, आणि त्यांची मुख्याध्यापकी मराठी कुठल्या कुठे गेली. "तुला घरी कोण बघणार होतं रे? दार लावून रडत बसायचास. शाळेत दुधाची भुकटी मिळत होती. मास्तर म्हणला, लई बारीक हाय पोरगं. मी म्हणलो, दुष्काळात झालंय, अंगानं बारीकच हाय."

"ते दूध लई गोड होतं," काका म्हणाले. मग त्यांना आपण भांडतोय हे आठवलं. "पण चार वर्षं?"

"मला काय ठावं तू एसटीत जाशील! मी बी नऊ वर्षांचा होतो."

काकू हसायला लागली. "आणि थोरल्यापेक्षा सात महिन्यांनी धाकटा! जावईबापू, कागदावर दोघांत सात महिनेच हायती. मोशेनं समुद्र फाडला त्यापरीस मोठा चमत्कार माझ्या सासूनं केला. आणि हे कागदावर जन्मले निजामाच्या राज्यात, खरे जन्मले पोलीस अॅक्शनच्या मागून. लिहिलंय तेच खरं म्हणता ना? मग जा की निजामाकडं पाणी मागायला!"

गुरुजी उठले, न्हाणीच्या खिळ्यावर टांगलेला पाइप काढून आणला आणि त्याचं टोक भिंतीवरून पलीकडे टाकलं. माफी मागितली नाही. मुख्याध्यापकांना ते शिकवत नसावेत.

काका पाइपाकडे बघत राहिले. "सालाचं काय ठरलं?"

"तेरावं शतक," गुरुजी म्हणाले.

"मग पाइप नको."

काकूने तो उचलला. "तुम्ही पंधराव्या शतकातलं पाणी प्या," ती म्हणाली, "मी ह्या शतकातलं भरून राहिले." आणि टोक पिंपात घातलं.

गुरुजींनी मोटर चालू केली. पाइप आधी खाकरला, मग थुंकला, मग बारीक धार धरली. काकू पिंपाशेजारी खाली बसली आणि पाय लांब केले. माझ्या सासूबाईंनी गुपचूप दोन्ही घरांचे धपाटे एकाच तव्यावर टाकले. बरोबर शेंगदाण्याची चटणी आणि दही. पाककृती विचारू नका, मी फक्त खाण्याचा तज्ज्ञ आहे. जेवताना दोघे भाऊ पुन्हा रामसेस नगरात शिरले होते, पण आता माझी मध्यस्थी न घेता. हॉलच्या भिंतीवर चर्चच्या समितीने शेवटी 'फार पूर्वी' असं लिहून घेतलं. ते दोघांनाही अमान्य आहे, म्हणजे बहुधा बरोबर असावं.

परतताना मुद्दाम लातूरवरून आलो. लोक लातूरला गंजगोलाईची गोल बाजारपेठ बघायला जातात, मी पाणी बघायला गेलो. रेल्वेच्या टाक्यांकडे तोंड करून बरीच माणसं उभी होती, काही फोटो काढत होती. माझ्या आयुष्यात पाण्याकडे इतक्या आदराने बघताना मी माणसं पाहिली नव्हती. शेजारच्या टपरीवर दोघांचं जुंपलं होतं.

"पहिली गाडी सोमवारी आली."

"मंगळवारी, भाऊ. मी सोता उभा होतो हितं."

"तू दुसऱ्या गाडीला उभा होतास!"

या घटनेला अजून महिनाही झाला नव्हता. मी चहा घेतला, निलंगा राईसची प्लेट संपवली आणि कुणाचीही बाजू न घेता नांदेडची गाडी पकडली. साल नीट लिहून न ठेवणाऱ्या तीन हजार वर्षांपूर्वीच्या लोकांवरचा माझा राग तिथेच उतरला.

घरी आल्यावर शीलाने विचारलं, निकाल काय लागला? मी म्हणालो, लागला नाही, पण पाणी लागलं. हे वाक्य मला फार आवडलं होतं आणि मी ते दोन आठवडे येईल त्याला ऐकवलं. मग उदगीरहून काकूचा फोन आला. गुरुजींचं बोअर आटलं होतं. पाइप भिंतीवर होता, त्यातून नुसती हवा येत होती. माझं वाक्य पडलं.

"मग काकू, पुन्हा टँकर? तुमचे गुडघे?"

"माझे कशाला? दोघं भाऊ जाऊन राहिलेत घागरी घेऊन. दोन्ही घरचं भरतेत."

"दोघं? एकत्र?"

"एकट्याला जाऊ देईनात एकमेकाला. रांगेत लई वेळ जातोय, लोक इचारतेत मोशेचं. एकटा गेला तर दुसऱ्याच्या मागं खोटं साल सांगंल म्हणून दोघं बी जातेत. आता अर्धी रांग ह्यांच्याकडं हाय, अर्धी गुरुजींकडं."

"आणि तुम्ही?"

"मी बसून हाय," काकू म्हणाली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "जावईबापू, तुम्ही शिकलेले मानूस. कुठं खरं साल सापडलं, तर एवढा पाऊस पडेस्तोवर कुणाला सांगू नका."