बैलासारखा चालवलेला बोका

"बैल बडवला की थंड होतो ना, सायब? मग बोका कां नाय?"

असं विचारणारी बाई मी त्याआधी पाहिली नव्हती आणि नंतरही पाहिली नाही. जव्हारच्या गुरांच्या दवाखान्यात मी तेव्हा मलमपट्टी करणारा ड्रेसर होतो. संस्थान विलीन होऊन तीनेक वर्षं झाली होती. दारावरची पाटी नवी, कपाटातले कागद जुने आणि डॉक्टरसाहेब देशावरून नुकतेच बदलून आलेले. त्यांच्यापुढे ही साखरशेतची पोशी टोपली घेऊन उभी. टोपलीवर सूप बांधलेलं आणि आतून असा गुरगुराट की दाव्याला बांधलेली म्हैससुद्धा बिचकली.

साहेब हसले. मीही हसलो. पोशी काही हसली नाही.

तिला मी चांगला ओळखत होतो. तिचा नवरा काळ्या हा बैल बडवायचा, म्हणजे खच्ची करायचा. खोडाळ्यापर्यंतच्या गावांत कुणाचा गोऱ्हा मारकुटा झाला की काळ्याला बोलावणं जायचं. लाकडी मोगरीनं आपलं काम उरकायचं आणि पुढच्या गावाला चालू लागायचं, एवढंच त्याला ठाऊक. मागचं सगळं पोशीनं निस्तरायचं. पाच दिवस ती त्या घरी राहायची. बैलाला बसू द्यायचं नाही, सकाळ-संध्याकाळ चालवायचं, ओढ्यात पोटापर्यंत उभं करायचं, वर हळद-तेल. सूज उतरली की मगच घरी. काळ्या वारला, त्यानंतर सरकारनं त्याच कामासाठी दवाखान्यात लोखंडी चिमटा पाठवला, आणि पोशीला कुणी बोलवेनासं झालं. मूलबाळ नव्हतं. घरात उरला हा एक बोका, पिवळा, एक कान फाटका. नाव ढाण्या.

आता या ढाण्याचं काय बिनसलं होतं ते सांगतो. शेजारच्या तुकाच्या मांजरीची दोन वेतांची पिल्लं त्यानं मारली होती. म्हातारी मांजर एकटी किती उंदीर धरणार? तुकाची साठवलेली नागली, म्हणजे नाचणी, उंदरांनी फस्त केली. मांजर परत गाभण राहिली तसा तुका पोशीच्या दारात येऊन सांगून गेला, "या येळंला पिल्लांना तोंड लावलान तर डोका फोडीन त्याचा." आणि तुका उगाच बोलणाऱ्यातला नव्हता. हे सांगताना पोशीनं टोपली छातीशी ओढली.

"सायब, माझ्या घरात दुसरा कोन नाय हो."

साहेबांनी सूप किलकिलं करून आत डोकावलं. मग म्हणाले, "बोक्याचं मी पुस्तकात वाचलंय. हातानं कधी केलं नाही." पण तरणा माणूस, खुमखुमी होतीच. दुसऱ्या दिवशी सकाळी ढाण्याला गोणपाटात गुंडाळला. त्या झटापटीत माझ्या मनगटाची जी लक्तरं केली मेल्यानं, त्याचे वण अजून आहेत. क्लोरोफॉर्मचा बोळा नाकाशी धरला तेव्हा कुठे शांत झाला. पोशी बाहेर जाईना. मान पुढे काढून सगळं बघत होती.

"मेला?"

"झोपलाय."

"त्याला कळत नाय?"

"काही कळत नाही. तू जरा गप्प बस बघू."

पाच मिनिटांत काम झालं. साहेबांनी बजावून सांगितलं: टाका घातलेला नाही, जखम उघडीच भरून येते, पाणी लावायचं नाही, आठ दिवस कोंडून ठेवायचा, उड्या मारू द्यायच्या नाहीत. पोशी प्रत्येक वाक्याला "व्हय व्हय" करत होती. मला तेव्हाच संशय यायला हवा होता. इतक्या वेळा होकार देणारं माणूस ऐकत नसतं.

तिसऱ्या दिवशी ती धापा टाकत आली. टोपलीत ढाण्या. गुरगुर नाही, काही नाही. अंग तापलेलं, डोळे अर्धे मिटलेले, मागची बाजू लिंबाएवढी सुजलेली आणि त्यातून घाण पाणी गळतंय.

"काय केलंस?" मी ओरडलोच.

तिनं अगदी अभिमानानं सांगितलं. गळ्यात दोरी घालून त्याला शिवाराच्या टोकापर्यंत चालवला. तो बसायला बघे, ही उठवी. सकाळी चालवला, संध्याकाळी चालवला. मग ओढ्यात नेऊन पोटापर्यंत उभा केला. ओरबाडून घेतलं तरी सोडला नाही. वर हळद-तेल.

माझं डोकंच फिरलं. "अगं बये, तो बैल आहे का? साहेबांनी काय सांगितलं होतं?"

"सायब बोलले. पन सायबांनी कधी केला नव्हता ना. मी तीस वर्सं केलाय."

मी तिला जवळ बसवलं आणि दाखवलं. बैलाला आत मार बसतो, कातडी शाबूत राहते, म्हणून पाणी चालतं आणि चालणं मानवतं. इथं कातडी कापलीय. ओढ्याचं पाणी थेट आत गेलं. ती वाकली, जखम जवळून पाहिली, पुन्हा पाहिली. मग तिचा चेहरा उतरला.

"म्हंजी मी मारला याला?"

"अजून मेलेला नाही," मी म्हटलं. रागातच म्हटलं, आणि टोपली उचलून साहेबांकडे धावलो.

साहेबांनी जखम धुऊन काढली, पूड भरली आणि पोशीला म्हणाले, "आता घरी न्यायचं नाही." मग आठ दिवस पोशीचा मुक्काम दवाखान्याच्या पडवीत. बोका कणगीत, आणि कणगीच्या तोंडाशी ती. खाली राख घातली तर ती जखमेला चिकटायची. मग मी संस्थानच्या वेळचे कोरे फॉर्म काढून दिले, शिकारीच्या परवान्याचे. शिक्का बाद झाला होता, कागद मात्र उत्तम. ते फाडफाडून ती अंथरायची, घाण झाले की बदलायची. चाटायला गेला की त्याचं तोंड धरायची. पेजेत सुकट कुस्करून बोटानं भरवायची. आणि सारखे प्रश्न. ही पूड कशाची? घाण पाणी आतून येतं की बाहेरून? बोका चाटतो तर जखम भरते की चिघळते? मी वैतागायचो, पण उत्तरं द्यायचो. दोनदा तर मलाच साहेबांना विचारून यावं लागलं.

पाचव्या दिवशी ढाण्यानं तिच्या बोटाला कडकडून चावा घेतला. "जगला!" म्हणून ती अशी ओरडली की साहेब हातातला चहा टाकून धावत आले.

जाताना साहेबांनी सांगितलं, अंगातली जुनी रग उतरायला महिना लागतो, तोवर बांधून ठेव. या वेळी ती एकदाच "व्हय" म्हणाली.

शिमग्याच्या आधी निरोप आला, तुकाची मांजर व्याली. मला राहवेना. रजा टाकून साखरशेतला गेलो. तुका ओटीवर काठी घेऊन बसला होता. सुपात चार पिल्लं, शेजारी मांजर. पोशी ढाण्याला उराशी धरून कुंपणापाशी उभी.

"सोड त्याला," तुका म्हणाला. "जो काय व्हायचा तो आज होऊन जाऊ दे."

तिच्याकडून त्याच्या गळ्यातल्या दोरीची गाठ सुटेना, शेवटी मीच सोडली. ढाण्या सावकाश ओटीवर चढला. तुकानं काठी उचलली. बोका सुपाजवळ गेला, वास घेतला. मांजर उसळली आणि तिनं त्याच्या तोंडावर फाडकन पंजा मारला. नाकातून रक्त आलं. ढाण्यानं कान पाडले, दोन पावलं मागे सरला आणि खाली बसला.

तुकानं काठी आढ्याला खोचली. "ने घरी," म्हणाला.

पोशी हसत हसत धावली, बोक्याला उचललं, आणि घरी येईपर्यंत हुंदके देऊन रडायला लागली.

"आता काय झालं? जीव वाचला ना त्याचा?"

"वाचला, भाऊ. पन माझा ढाण्या एकीचा पंजा खाऊन गप बसला असता कां?" तिनं त्याचं नाक पदरानं पुसलं. "मी त्याचा जीव राखला. पन असा राखू कां, असा त्याला कोनी इचारला?"

मला तिचा रागच आला, खरं सांगतो. दवाखान्यात रोज दोन-चार बैल खच्ची होऊन माझ्या हाताखालून जात होते, आणि हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.