पसंतीक्रम पहिला: गोदाम

माझी मुलगी ऋतुजा चार दिवस गोदाम व्यवस्थापनाची विद्यार्थिनी होती, आणि त्याचं सगळं श्रेय माझ्या अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीला आहे.

मी एका सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहे. फॉर्म भरणं हे माझं पोटापाण्याचं काम. रेशनकार्डापासून गॅसच्या जोडणीपर्यंत घरातला कुठलाही फॉर्म माझ्याकडेच येतो. नवऱ्याने तर लग्नानंतर स्वतःचं पूर्ण नावसुद्धा कुठे लिहिलेलं नाही (सही तोच करतो, मी बोट ठेवीन तिथे). त्यामुळे ऋतुजाने बी.बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा विषयनिवडीचा फॉर्म मला न विचारता भरला, तेव्हा मला जरा लागलंच. हे आधीच कबूल करते.

दुसऱ्या वर्षाला एक विशेष विषय घ्यायचा असतो. तिला हवं होतं पर्यटन व्यवस्थापन. माझ्या भावाचं फर्दापूरला छोटंसं लॉज आहे. लेणी बघायला आलेल्या लोकांना खोल्या दाखवणं, बसच्या वेळा सांगणं, यातच तिच्या सगळ्या सुट्ट्या गेल्या. दुसरं काही करायचं तिच्या मनातच नव्हतं. पोर्टलवर तीन पसंती द्यायच्या होत्या. तिने पहिली पर्यटन दिली, दुसरी सहकारी संस्था आणि तिसरी गोदाम.

"झालं आई. शनिवारपर्यंत बदलता येतं, पण बदलायचं नाहीये," एवढं सांगून ती मैत्रिणीकडे गेली.

म्हणजे जे हवं तेच पहिलं लिहून मोकळी! मला दुपारचा डबा गोड लागेना.

आमच्याकडे बदलीच्या अर्जात तीन ठिकाणं मागतात. हवं ते ठिकाण पहिलं लिहिणारा नवखा समजावा. साहेब पहिलं ठिकाण बघतात ते काट मारण्यासाठीच. म्हणून खरी इच्छा तिसऱ्या जागी लिहायची, सहज सुचल्यासारखी. पहिल्या जागी कुणी मागणार नाही असं ठिकाण टाकायचं. मी तीनदा वैजापूर पहिलं लिहिलं आणि तिन्ही वेळा शहरातच राहिले. बाई स्वतःहून वैजापूर मागते म्हणजे तिथे हिचा काहीतरी स्वार्थ असणार, असं वाटून साहेबांनी त्यावरच काट मारली. छावणीतलं आमचं बिऱ्हाड वीस वर्षं हललं नाही ते या एका युक्तीवर.

मग काय, डब्याच्या सुट्टीत पोर्टल उघडलं. ओटीपी माझ्याच मोबाइलवर येतो. पहिलं गोदाम, दुसरं सहकारी संस्था आणि तिसरं, अगदी सहज, पर्यटन. जतन केलं आणि दही-भात संपवला.

सोमवारी यादी लागली.

"आई, मला गोदाम लागलंय."

"पहिली यादी तशीच असते गं."

"इथे लिहिलंय, पहिली पसंती मंजूर. माझी पहिली पसंती पर्यटन होती."

मी वाळलेले कपडे पुन्हा एकदा घड्या करायला घेतले.

"आई, तू काही केलंस का?"

केलं ते सांगितलं. बदलीचा सगळा सिद्धांतही समजावला. 

"म्हणजे तू मला वैजापूरला पाठवलंस," ती म्हणाली आणि आत जाऊन तिने दार लावून घेतलं. ती रडली असती तर मी समजूत काढली असती. ती जेवलीच नाही. मला फार वाईट वाटलं, आणि त्या भरात मी नवऱ्याला म्हटलं, "तुम्ही तरी बघायचं होतं." तो म्हणाला, "मी कधी काय बघितलंय?" हेही खरंच होतं.

त्याने एक काम मात्र तातडीने केलं. गावाकडे धाकट्या भावाला फोन करून ही बातमी दिली. अर्ध्या तासात भाऊजींचा मला फोन.

"वहिनी, लई भारी काम केलं तुम्ही."

"अहो भाऊजी, चूक झालीय."

"चूक कशाची? दरसाली सोयाबीन ठिवायला जागा नाय म्हणून मातीमोल इकतो आपण. आता घरची पोरगी गोदामात. गावच्या इकास सोसायटीच्या चेअरमनला सांगून बी टाकलं म्या."

"काय सांगितलं?"

"पुतणी गोदामाची मोठी सायेब व्हनार म्हणून. ते इचारत्यात, उंदरांवर काय औषध सांगती का?"

मी फोन ठेवला. चेअरमननी मात्र ठेवला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी थेट ऋतुजालाच फोन करून उंदरांचं विचारलं. त्यानंतर ती माझ्याशी चिठ्ठ्या लिहून बोलायला लागली. "दूध उतू जातंय," अशी चिठ्ठी मला मिळाली तेव्हा ते जाऊन झालं होतं.

मंगळवारी कॉलेजात गेले. खिडकीतून उत्तर आलं, "उद्या या." बुधवारी गेले. "साहेब मीटिंगमध्ये आहेत, उद्या या." हे वाक्य मी जन्मभर लोकांना सांगत आले. खिडकीच्या या बाजूने ते किती लांब असतं हे प्रथमच कळलं. गुरुवारी ऋतुजाला मागे बसवून निघाले. औरंगपुऱ्यातल्या गर्दीत स्कूटी दोनदा बंद पडली. दोघींनी मिळून ढकलली.

खिडकीत एक वयस्कर चाचा होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"पर्यटनात एक जागा हाय. एक पोरगी पुण्याला गेली. चार बजेपर्यंत अर्ज द्या, वजह लिहून. चारनंतर मैं कुछ नहीं कर सकता."

साडेतीन वाजले होते. पण अर्ज लिहिणं म्हणजे माझ्या घरचं काम. मी झरझर लिहिलं: 'तांत्रिक अडचणीमुळे पसंतीक्रमात बदल झाला.'

चाचांनी वाचून कागद परत सरकवला. "मॅडम, तांत्रिक अडचण लिहिली तर वरून खुलासा आमच्याकडेच मागतात. सर्व्हर चांगला होता. खरं लिहा."

दुसरा कागद: 'अनवधानाने बदल झाला.'

"तीन विषय उलटे लागले अनवधानाने? और ओटीपी भी अनवधान से आया?"

पावणेचार. माझं पेन चालेना. इतक्या वर्षांत हजारो अर्ज लिहिले, पण चूक माझी आहे असं एकातही लिहिलेलं नव्हतं. तसा नमुनाच आमच्या कार्यालयात नाही.

तेव्हा चिठ्ठ्या सुरू झाल्यापासून पहिल्यांदा ऋतुजा तोंडाने बोलली. "लिही. मी सांगते."

तिने सांगितलं आणि मी लिहिलं: 'मी विद्यार्थिनीची आई. मला जास्त कळतं असं वाटल्यामुळे मी तिला न विचारता तिचा पसंतीक्रम बदलला. तिला पर्यटनच शिकायचं आहे. यात तिची काही चूक नाही. माझी आहे.'

चाचांनी तो अर्ज मागच्या सगळ्या रांगेला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने वाचला. का, ते त्यांनाच ठाऊक. मग आत जाऊन सही घेऊन आले. "झालं बेटा. पर्यटन."

ऋतुजाने माझा दंड घट्ट धरला. मी तिथेच खिडकीजवळच्या पायरीवर बसले.

"ताई," रांगेतून एक गृहस्थ वाकून हळूच म्हणाले, "तो मजकूर जरा सांगता का? मी पोराचं मार्केटिंग काढून फायनान्स टाकलंय."

त्यांच्यामागच्या बाईंनीही पर्समधून कागद काढला. बाईंच्या मागच्या दोघांनी पेन मागितलं. मी पायरीवर बसून सांगत गेले. कुणी 'आई'च्या जागी 'वडील' केलं, कुणी 'तिला'च्या जागी 'त्याला', विषय ज्याने त्याने आपला घातला, बाकी शब्दाला शब्द उतरवून घेतलं, आणि चाचांनी चारच्या आत सगळे अर्ज घेतले.

अठ्ठावीस वर्षं मसुदे लिहितेय. प्रत्येक साहेबाने माझ्या प्रत्येक मसुद्यावर लाल शाई चालवली आहे. एकही दुरुस्ती न होता मंजूर झालेला हा माझा पहिलाच मसुदा, आणि त्यातलं एक वाक्यही माझं नव्हतं.