गळक्याला दोन कॅन

लातूरच्या एमआयडीसीत पाण्याचे टँकर बनवणाऱ्या एका कारखान्यात मी अकरा वर्षं वेल्डर आहे. मध्ये तीन महिने नव्हतो. का नव्हतो तेच सांगायचं आहे. दोष माझाच होता हे आधीच कबूल करतो, म्हणजे उगीच कुणी आमच्या मालकांवर चिडायला नको.

आमचा धंदाच उफराटा. पाऊस रुसला की आम्हाला ओव्हरटाइम, आणि पाऊस मनासारखा झाला की आमच्या पोटावर पाय. त्यात माझं चाकूरजवळ तीन एकर सोयाबीन. चांगल्या पावसात रविवारी बांधावर उभा राहून मी खूश व्हायचो आणि सोमवारी कारखान्यात तोंड पाडून बसायचो. बायको विचारायची, "तुमाला नेमकं पायजे तरी काय?" अजून मला ते ठरवता आलेलं नाही.

कारखान्यात एक जुनी रीत होती. टँकर तयार झाला की बोअरचं पाणी सोडून तो काठोकाठ भरायचा आणि तासभर तसाच ठेवायचा. मग ज्यानं जॉइंट मारला असेल त्या वेल्डरनं टाकीखालून उघड्या डोक्यानं या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचं. डोक्यावर थेंब पडला तर गळती त्याची. आम्ही त्याला 'गळक्या' म्हणायचो. मग टाकी रिकामी करायची, भोक बुजवायचं, परत भरायची. हे बुजवणं सुट्टी झाल्यावर आणि फुकट. मालकांचं म्हणणं सरळ होतं, भोक तुझं तर वेळही तुझा. मात्र टाकीतून काढलेलं पाणी कामगारांनी घरी न्यायचं, आणि त्यातले पहिले दोन कॅन गळक्याचे.

आता आमच्या घरी उन्हाळ्यात पाण्याची काय किंमत असते ते लातूरकराला सांगायला नको. त्यामुळे मार्च लागला की आमच्या टाक्या जरा जास्त गळायच्या. इतरांचं मला माहीत नाही, माझं मी सांगतो. रॉड थोडा लवकर उचलला की सुईच्या टोकाएवढं भोक राहतं. मी ते जॉइंटच्या बरोबर मधोमध ठेवायचो, म्हणजे बुजवायला सोपं. पाच मिनिटांचं फुकट काम आणि दोन कॅन पाणी. मी रिकाम्या हातानं घरी गेलो तर बायको दारातच विचारायची, "आज न्हाई गळला?" पगार झाला नाही का, हे इतर बायका ज्या आवाजात विचारतात, अगदी त्याच आवाजात.

कारखान्यात एकच माणूस कधी गळला नाही, ते म्हणजे मामा. मूळचे तेलंगणाच्या हद्दीवरल्या देगलूरचे, आमच्यातले सगळ्यात जुने वेल्डर, सगळ्यांचे मामा. डोक्यावर एक केस नाही, म्हणजे थेंब पडला असता तर आम्हा सगळ्यांना ऐकू आला असता. मला रॉड धरायला त्यांनीच शिकवलं. माझा पहिला जॉइंट बघून त्यांनी तेलुगूत काहीतरी म्हटलं होतं. त्याचा अर्थ मी विचारला नाही, पण दुसरा जॉइंट नीट मारला.

लागोपाठ दोन वर्षं पाऊस उत्तम झाला. टँकरला गिऱ्हाईक उरलं नाही. दिवाळी झाल्यावर फळ्यावर नोटीस लागली की पाच जणांना कामावरून कमी करणार. पहिलं नाव मामांचं. वय जास्त आणि पगारही जास्त. मामांची दीड वर्षाची नोकरी राहिली होती. नोटीस वाचून ते एवढंच म्हणाले, "घरी बसून मी काय करू रे? मला दुसरं काय येतंय?"

युनियनचा चिटणीस मी होतो, कारण माझं अक्षर चांगलं आहे. गेटवर सभा झाली. पहिला ठराव, निकाल लागेपर्यंत कुणीही ओव्हरटाइम करणार नाही. सहा महिने कुणाला एक तासही ओव्हरटाइम मिळाला नव्हता, तरी ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. मग मागण्या ठरल्या. कुणालाही कमी करू नये. गळती बुजवण्याचे पैसे मिळावेत. आणि टाकीचं पाणी हा कामगारांचा हक्क म्हणून लिहून द्यावा, कारण यापुढे पाण्याऐवजी हवा भरून, वरून साबणाचा फेस लावून गळती बघायची असं मालकांच्या मनात होतं.

ही रीत जुनी आहे याचा पुरावा हवा होता, आणि तो माझ्याकडे होता. कॅनवरून भांडणं नकोत म्हणून मी चार वर्षं एका वहीत टिपून ठेवत होतो, कोणत्या दिवशी कोणता टँकर गळला, गळक्या कोण. ते सगळं मी एका नव्या वहीत सुंदर अक्षरात उतरवून काढलं. नावं लाल शाईनं. खाली मामांसाठी म्हणून एक वाक्य लिहिलं, 'कामगार कमी करायचेच झाल्यास ते वय बघून नव्हे, काम बघून करावेत.' ते वाक्य मला इतकं आवडलं की बायकोला दोनदा वाचून दाखवलं. ती म्हणाली, "वही कशाला देताव?" बायकांना युनियनमधलं काय कळतं, असं मी मनात म्हणालो.

मालकांना सगळे आप्पा म्हणतात. कपाळावर विभूती, आवाज कधी चढत नाही. चढला असता तर मी वाचलो असतो. आम्ही पाच-सहा जण त्यांच्यापुढे बसलो. त्यांनी चहा मागवला, चष्मा लावला आणि वहीचं पान न पान वाचलं.

"हे तूच लिवलास?"

"हाव, आप्पा."

"अक्षर लई चांगलं हाय." त्यांनी चष्मा पुसला. "टँकर तेच, पत्रा तोच, माणसं तीच. मग उन्हाळ्यातच कामून गळतंय? पत्र्याला घाम येतो का काय?"

आमच्यातल्या एकानं भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला घेतलं. बाकीचे चहात बघत बसले.

"मामांचं नाव कुटंच न्हाई यात," आप्पा म्हणाले.

"एकदाबी न्हाई, आप्पा," मी छाती फुगवून सांगितलं.

"आन् हे नाव तर दर पानावर हाय."

ते माझं नाव होतं. माझ्याच अक्षरात, लाल शाईत.

आप्पांनी माझ्याच खिशातला लाल पेन मागून घेतला. नोटिशीच्या यादीतलं मामांचं नाव खोडून तिथं माझं लिहिलं. "काम बघून करावं. तुझंच म्हणणं हाय," ते म्हणाले. मग दोन तास घासाघीस झाली. इतर चौघांना आळीपाळीनं काम द्यायचं ठरलं, पाण्याचा हक्क कागदावर आला, फेसाचा बेत बारगळला. कमी झालेला एकच, मी. युनियननं विजय जाहीर केला, गेटवर फटाके उडवले, आणि विजयाचा हार माझ्या गळ्यात घालून मला घरी पाठवलं.

पुढचे तीन महिने मी कुणाच्या खिडकीचं ग्रिल, कुणाचं गेट असं करत काढले. खोटं कशाला बोलू, मला मामांचा राग यायचा. ज्या माणसासाठी वाक्य लिहिलं त्याच्या जागी मी घरी बसलो होतो. आणि माणसानं सगळ्या जन्मात एकदा तरी गळू नये? मग या रागाची लाज वाटायची, आणि लाज वाटली की ग्रिल वाकडं व्हायचं.

उन्हं तापायला लागली, टँकरच्या ऑर्डरी सुरू झाल्याचं कानावर आलं. मला बोलावणं नव्हतं. एका संध्याकाळी दारात मोपेड थांबली. मामा होते. पायाशी दोन भरलेले कॅन.

"घे. गळक्याचे हायत," ते म्हणाले.

"कोण गळलं?"

"मी."

मामांनी टाळूवरून हात फिरवला. "हितं पडला थेंब. सगळा कारखाना गप झाला. आप्पा केबिनमधून पळत आले. मी म्हणलो, आप्पा, आता नजर साथ देत न्हाई. संगं एक माणूस पायजे, चांगल्या नजरंचा."

"मग?"

"आप्पानं माझ्याकडं लई वेळ बघितलं. मग म्हणले, उद्यापासून येऊ द्या त्याला." मामांनी मोपेड वळवली. "बुजवायचं तुझ्यासाठीच ठिवलंय."

बायकोनं कॅन आत नेले आणि त्या पाण्याला दोन दिवस कुणालाही हात लावू दिला नाही.

सकाळी मी टाकीखाली शिरलो. मामांचा जॉइंट तोच होता, सरळ, एकसारखा. आणि बरोबर मधोमध सुईच्या टोकाएवढं भोक. ते मी लगेच ओळखलं. भोक कुठं ठेवतो हे मी अकरा वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं.

"मामा, तुमची नजर..."

"चांगली हाय," मामा म्हणाले. "बुजव गपचिप. ओव्हरटाइम भेटत न्हाई."

मी घाईघाईनं वेल्डिंगची काच तोंडापुढं धरली, रॉड पेटवायच्या आधीच.